पाण्याखालचा उंबरा
बाळांनो, आज पेपरात पैठणचं धरण काठोकाठ भरल्याची बातमी वाचली आणि खूप वर्षांपूर्वी पैठणच्या एसटीत शेजारी बसलेली एक म्हातारी बाई आठवली. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि मी कॅलेंडरवर त्या वाराला लाल पेन्सिलीनं खूण करायची. बस तापली होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीतून मोगऱ्याचा वास येत होता. मी सहज म्हणाले, "धरण पार तळाला गेलं हो." ती हसली. "लई बेस झालं, माय!" मला रागच आला. "अहो, त्यात बेस काय?" "माझं सासर हाय त्या पाण्याखाली. एवढं आटलं की घराचा उंबरा उघडा पडतो. माप वलांडलं तिथंच. आज हळदीकुंकू वाहीन म्हणलं." मग माझ्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "तुमच्याकडं पाण्याचे लई हाल हायेत व्हय?" मी मान डोलावली. "मंग उंबऱ्यालाच सांगते, पाऊस पडू दे म्हणून. माझं काय, एकदा बघून झालं की जाऊ दे पुन्हा पाण्यात." आज नळाला पाणी आलं, तेव्हा पहिला तांब्या मी आपल्या उंबऱ्यावर ओतला आणि मगच हंडे भरले.