उसवलेली बाही

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी मला राजा केलं, भिकारी केलं, आणि एकदा तर दुसरी घंटा झाल्यावर कपडे अंगावरच शिवून राक्षस केलं. आता कंपनी नाही, पडदा नाही. पण मावशींचा प्रयोग चालू आहे. त्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासला जातात. मी तिथला भिंतीजवळच्या खुर्चीतला कायमचा प्रेक्षक.

या कुस्तीत पाठीवर पडलेल्याची ढाल म्हणजे त्याचे पाय. ते दोघांच्या मधे राहिले तर ही ढाल, म्हणजे गार्ड, शाबूत. समोरचा पाय ओलांडून कुशीला आला, तर कंबर सरकवून, गुडघा मधे खुपसून गार्ड परत मिळवायचा. त्यासाठी त्याची बाही घट्ट धरून ठेवावी लागते, आणि नेमकी तिथेच मावशींची गोची. क्लासातले सगळे जाडजूड कोट त्यांनीच शिवलेले. बाही जरा करकरली की त्यांचा हात आपोआप सुटायचा.

हे त्यांच्या जावयाला पक्कं ठाऊक. त्यांना क्लासला आणलं त्यानेच, सरावाला जोडीदारही तोच, अंगाने कपाट. अडचणीत आला की कानाशी पुटपुटायचा, "आई, शिवण." की आईंनी हात सोडलाच.

मावशींना स्पर्धेत उतरायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांना सजवून उजेडात ढकललं, आता एकदा आपण जायचं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. सरांनी अट घातली: जावयाकडून एकदा गार्ड परत मिळवून दाखवा, मगच नाव देतो.

जावई पाय ओलांडून कुशीला आलाच. मावशींनी कोपर अंगाशी घेतलं, त्याची बाही पकडली, कंबर सरकवली.

"आई, शिवण."

आणि खरंच टर्रकन आवाज झाला. बाही खांद्यापासून उसवली.

"उसवू दे," मावशी दातओठ खात म्हणाल्या. "शिवणारी मीच आहे."

गुडघा मधे शिरला, मागोमाग दुसरा पाय आला, आणि कपाट पुन्हा ढालीबाहेर. सरांनी हसून मान डोलावली.

मावशी उठल्या त्या थेट पिशवीकडे. सुईदोरा घेऊन आल्या आणि कोट त्याच्या अंगावर असतानाच खांदा शिवायला बसल्या. जावई काहीतरी कुरकुरला. तो सूर मला चांगलाच ओळखीचा होता. त्या राक्षसानेही असाच लावला होता, आणि त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं.

"हलू नका, टोचेल."