आजोबा, पेरिनामावशी आणि उघडी खिडकी

व्येरानने प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा आतून अशी किंकाळी आली की बेटावरचे झाडून सगळे समुद्रपक्षी उडाले, बंदरातल्या दोन होड्यांचे नांगर सुटले आणि समोरच्या किनाऱ्यावर स्प्लित शहरात एका म्हाताऱ्याच्या हातून कॉफीचा कप निसटला. व्येरान तरी असंच सांगतो.

"दार! दार लाव! इथे खिडकी उघडी आहे ना? दोन्ही एकदम? आईने काही शिकवलं नाही का तुला?"

आईने शिकवलं होतं. दार आणि खिडकी एकदम उघडी राहिली की मधून जो वारा वाहतो त्याने मान धरते, कान ठणकतात, कंबरेचा निकाल लागतो, हे झाग्रेबमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. समुद्रजीवशास्त्रात डॉक्टर झाल्याने ही भीती जात नाही. व्येरानने निमूटपणे दार लावलं.

किंचाळणारी ती पेरिनामावशी. हुद्दा संशोधन सहायक, आवाज जहाजाच्या भोंग्याचा. टाक्यांतल्या प्रवाळांना ती नळीने कोळंबीची बारीक पिल्लं भरवायची आणि टूथब्रशने त्यांच्या बुडाचं शेवाळ घासताना त्यांना दटावायची, "हलू नकोस मेल्या, उद्या रविवार आहे!"

फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा एक प्रवाळ तिचा विशेष लाडका. त्याचं नाव आजोबा. कुणा श्रीमंताच्या नौकेच्या नांगराने तो खडकावरून उखडला, तेव्हा मावशीने अंगावरच्या कपड्यांनिशी खाडीत उडी मारून त्याला वर आणलं होतं.

जुलैत आजोबांनी आपली शेकडो इवली तोंडं मिटून घेतली. खाणं बंद. संस्थेच्या संचालकबाईंनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत उघडला नाही तर नमुना म्हणून अल्कोहोलच्या बरणीत जाईल.

"वारा बाधलाय," मावशी म्हणाली. तिने खिडकी घट्ट लावली आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. पाणी गार करणारं यंत्र आपली सगळी गरम हवा खोलीतच सोडत होतं. खोलीची पावभट्टी झाली.

"मावशी, पाणी तापतंय. खिडकी उघडू या."

"तुझी आजी आजारी पडली तेव्हा तिला खिडकीत बसवलं होतंस?"

"आजी प्रवाळ नव्हती."

"नशीब तिचं."

सकाळी दहाला मावशी खारवलेले मासे, टोमॅटो आणि पाव खायला जायची, आणि गावातल्या बातम्या संपल्याशिवाय परतायची नाही. बुधवारी ती गेल्यावर व्येरानने खिडकी उघडली. वारा खेळेना, म्हणून दारही उघडलं. तिच्या पावलांची चाहूल घेत तो बरोब्बर दोन्हींच्या मध्ये बसला. डोक्यात आई ओरडत होती, 'मफलर!' गुरुवारीही तेच.

शुक्रवारी सकाळी आजोबा सगळे हात पसरून बसले होते. व्येरानची मान मात्र डावीकडे अडकली होती, त्यामुळे हे दृश्य त्याला अख्खं अंग उजवीकडे वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागलं.

मावशी टाकीपाशी ओक्साबोक्शी रडली. नाक पुसलं. मग तिला ती मान दिसली.

"उघडली होतीस."

"हो."

"दारासकट?"

"हो."

"गाढवा!" भर जुलैत तिने स्वतःची लोकरी शाल त्याच्या गळ्याभोवती आवळली. "वारा कुणाला तरी बाधणारच होता. त्याने आजोबांना सोडलं आणि तुला धरलं. कोण महत्त्वाचं ते कळतं त्यालाही."

तेवढ्यात संचालकबाई बरणी घेऊन आल्या, आजोबांकडे बघितलं आणि बरणी घेऊन परत गेल्या.

ऑक्टोबरात आजोबांना खाडीत त्यांच्या खडकावर बसवलं. पुढच्या वर्षी प्रवाळांच्या प्रकल्पाचा निधी थांबला आणि प्रयोगशाळा बंद पडली. त्या खोलीत आता गावजत्रेच्या घडीच्या खुर्च्या ठेवतात. खिडकी बंद असते.