हाताची पाच मिनिटं

डोंबिवलीत मे महिन्यात उणे अठरा अंश तापमान हवं असेल तर कुठे जायचं? मी यादी केली. मासळीचं शीतगृह, भाजीबाजारातली कोल्ड रूम, आइस्क्रीमचं गोदाम. पहिल्या दोन नावांवर दोन दिवसांत काट बसली: एकीकडे वास, दुसरीकडे थंडीच अपुरी. तिसरं एमआयडीसीत निघालं, घरापासून रिक्षाने बारा मिनिटांवर.

गोदामाचे मालक साठीचे, तिथल्याच जुन्या गावातले. कोल्ड रूम उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं भाताचं खाचर होतं. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. जुलैत लाहौलमधल्या एका हिमनदीवर जायचंय, बर्फातले जिवाणू गोळा करायला. जाड हातमोजे घालून नळ्या उघडायच्या, लेबलं लिहायची, चित्रं काढायची, याची सवय करायचीय. रोज अर्धा तास.

"नळ्यांचा समजला," काका म्हणाले. "चित्रं कशाला?"

"फोटोत बर्फाचा रंग नीट येत नाही."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी कुणालाच नीट सांगितलेलं नव्हतं.

पंधरा वर्षं मी ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासलं. तिथे जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर काही उगवलं नाही तर काम चांगलं झालं, असा हिशेब. पण उगवायचं, आणि मला तेच बघावंसं वाटायचं. केशरी, लिंबू, फिकट गुलाबी ठिपके. रविवारी नौपाड्यातल्या चित्रकलेच्या वर्गात बाकीच्या बायका फुलदाणी काढत, मी आठवणीतून ते ठिपके काढायचे. अडतिसाव्या वर्षी थंड प्रदेशातल्या जिवाणूंवर पीएच.डी.ला नाव घातलं. नवरा म्हणाला, "डोंबिवलीत बसून बर्फाचा अभ्यास? चांगलंय, निदान एसीचा विषय निघणार नाही."

बर्फ थर्माकोलच्या खोक्यातून यायचा, दुसऱ्यांनी आणलेला. लेबलं बॉलपेनची, अर्धी पुसलेली. आणणाऱ्याला विचारावं, तिथे तो कसा दिसत होता? उत्तर यायचं, "पांढरा होता." पाच वर्षं मी हे उत्तर ऐकलं. पदवी मिळाली, शोधनिबंध छापून आले, आणि मी स्वतः बर्फावर एकदाही पाय ठेवलेला नव्हता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या खोक्यांचे क्रमांक आठवायचे आणि पाय हलवत राहायचे. यंदा मोहिमेच्या यादीत माझं नाव लागलं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. पुढच्या वेळी लागेलच असं नव्हतं.

पहिल्या दिवशी कोल्ड रूममध्ये सहा नळ्या उघडल्या, सहा बंद केल्या, सहा लेबलं पेन्सिलीने लिहिली. शाई तिथे चालत नाही. चित्र मात्र त्याआधीच, आत शिरल्या शिरल्या काढलं. समोर होती मॅंगो कुल्फीची खोकी, छतापर्यंत. काकांनी चित्र बघितलं. "बर्फ कुठे हाय यात?"

"खोक्याच्या कडेला. ही बघा."

"माझ्या कामावरच्या पोरांना दाखवतो. ही कड खरवडायची बाकी हाय त्यांची."

चौथ्या दिवशी पेन्सिल हातातून पडली आणि मला ते ती जमिनीवर दिसल्यावरच कळलं. बाहेर येऊन मोजे काढले. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही खडूसारखी पांढरी. दोन पेरांपर्यंत रेघ मारल्यासारखी. काकांनी माझा हात उचलला, वळवला, सोडून दिला.

"हे बरा नाय, मॅडम."

"मोज्यांचं काहीतरी चुकतंय."

तयारीच्या यादीत लिहिलं: हातमोजे बदलणे. आतून लोकरीचे घातले. मग रेशमी. मग एक आकार मोठे. तीन जोड झाले. रोज बोटं पांढरी व्हायची, बाहेर उन्हात जांभळी, मग लाल, आणि त्या वेळी ठणकायची अशी की रिक्षात मी हात काखेत दाबून बसायचे. घरी बोलले नाही. यादीत मात्र एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली आणि मी तिच्यापुढे खूण करत राहिले, जणू काम झालंय.

मग मोहिमेचा वैद्यकीय फॉर्म आला. सतरावा प्रश्न: थंडीत बोटं पांढरी किंवा बधिर होतात का? हो, नाही.

नवऱ्याला तेव्हा दाखवलं. फॉर्मही आणि बोटंही. त्याने दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही लिही. तिथे गेल्यावर कोण बोटं मोजतंय?"

"आणि नळी हातातून पडली तर?"

"इथे सारखी पडते का?"

मला नक्की सांगता येईना, आणि हे मला सहन होत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर कोल्ड रूममधली अकरा चित्रं तारखेने मांडली. प्रत्येकाच्या समासात सवयीने वेळ लिहिलेली होती, आत गेल्यापासून किती मिनिटं झाली ती, दर मिनिटाला त्या वेळच्या रेघेसमोर. कुल्फीची खोकी अकरा वेळा. सुरुवातीची रेघ बारीक, हवी तिथे वळणारी. मग एका जागी ती जाड व्हायची, कोपरा चुकायचा, पुढे नुसती ओढल्यासारखी जायची. ती जागा पहिल्या चित्रात नवव्या मिनिटाला होती. मग सातव्या. शेवटच्या चार चित्रांत पाचव्या. मोजे कुठलेही असोत.

नवरा बराच वेळ वाकून बघत होता. "ही तूच काढलीस ना?"

"हो."

"मग आता काय विचारतेस?"

मी "हो"वर खूण केली. सोबत एक कागद जोडला: बाहेर हात चालण्याची वेळ पाच मिनिटं, त्यानंतर भरवसा नाही. पाकीट पोस्टात टाकलं आणि आठ दिवस घरातली सगळी कपाटं आवरली.

मोहिमेच्या प्रमुखबाईंचा फोन आला. आवाज रोखठोक. "पाच मिनिटांत किती नळ्या होतात तुमच्या?"

"तीन नळ्या, चार मिनिटांत."

"मग तीन घ्यायच्या आणि तंबूत यायचं. सोबत एक माणूस राहील. तुमच्या डॉक्टरांचं पत्र मात्र लागेल. ते नाही म्हणाले तर मीही नाही म्हणणार."

"चालेल."

"आणि उरलेल्या एका मिनिटाचं काय करणार?"

मी फोन कानाशी धरून पेन्सिल शोधू लागले. त्या म्हणाल्या, "असू दे. तुमचं तुम्ही बघा," आणि फोन ठेवला.

डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीय. ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. फोनच्या दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेले, मनगटावरचं घड्याळ काढून काकांच्या हातात दिलं. आत तीन नळ्या करायच्या, मग कागद, आणि पाच मिनिटं झाली की त्यांनी दार वाजवायचं. कुल्फीची सगळी रास एका मिनिटात मावत नाही. एकच खोकं घेतलं. मग एकच कोपरा. मग फक्त त्या कोपऱ्यावर चढलेला बर्फ. रेघ अजून माझी होती, जायची तिथे जात होती, आणि दार धडधडलं.

"काका, घाई केलीत!"

"नाय ओ," दाराबाहेरून आवाज आला. "घड्याळ तुमचाच हाय."

मी कागदावरून पेन्सिल उचलली. कड अर्धीच राहिली होती. समासात पाच लिहिलं आणि बाहेर आले.