घरात बसणाऱ्या बाईच्या हृदयाचा फोटो

आमचे हे ट्रॅफिक पोलिसात होते. सारी नोकरी चौकात उभं राहून गेली, त्यामुळे घरात त्यांच्या छातीला फार मान. सिलिंडर मी ओढायचं, ज्वारीचं पोतं मी उचलायचं. "बाबांच्या छातीत सगळ्या हैदराबादचा धूर आहे," असं मुलगा म्हणायचा, आणि हे खोकून हो म्हणायचे.

रिटायर झाल्यावर एका दवाखान्यातून बोलावणं आलं. गाड्यांच्या धुरानं हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, ते फोटो काढून बघायचं होतं त्यांना. रस्त्यावर नोकरी केलेली माणसं एका गटात, आणि ताडून बघायला धूर न लागलेली माणसं दुसऱ्या. यांना वाटलं, चला, आपण काय सोसलं ते आता कागदावर येईल. मी आपली सोबतीला गेले, डब्यात उपमा घेऊन.

तिथली तेलुगू पोरगी मोठी गोड. मला विचारते, "अम्मा, आप क्या काम करते?"

म्हटलं, "कुछ नै बेटा, घर पेच रैती."

यांनीही लगेच साक्ष दिली, "हौ, इनो घर पेच."

पोरगी खूश! धूर न लागलेल्या बाया तिला कमीच पडत होत्या म्हणे. घेतलं मलाही. मशीनच्या बोगद्यात झोपवलं, श्वास रोखायला सांगितलं, झालं. मला तर मजाच वाटली. फुकटात हृदयाचा फोटो कोण काढतं हो?

आठवड्यानं दोघांना बोलावलं. डॉक्टर यांना म्हणाले, "अभिनंदन, तुमच्या नळ्या तरुण माणसासारख्या साफ आहेत." यांचा चेहरा असा पडला, जसं काही प्रमोशन हुकलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि आवाज हळू केला. माझ्या नळ्यांमध्ये चुना साठला होता. रोज गोळी घ्यावी लागेल, हलगर्जी चालणार नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी यांना म्हटलं, "फोटो बदलले असतील हो."

फोटो काही बदलले नव्हते. पोरगीच गोंधळली होती. "अम्मा, घर में धुआँ है क्या?"

"धुआँ कायका? शाम को थोड़े रोट्याँ बनाती, बस."

"थोड़े याने?"

आता काय सांगू? अंबरपेठेत रस्त्याला लागून आमचा ओटा, ओट्यावर लाकडाची चूल. विद्यानगरला खोल्या करून राहणारी मराठवाड्याची पोरं दिवस कलला की भाकऱ्या न्यायला येतात. मुलाचं इंजिनियरिंग त्या तव्यावर झालं. पण भाकऱ्या थापण्याला काम म्हणायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. यांनाही नाही.

डॉक्टर म्हणाले, "धुरामुळेच झालं असं एका फोटोवरून सांगता येत नाही. पण चूल बंद करा."

पोरगी विचारत होती, आता मला कोणत्या गटात घालू? म्हटलं, "जगा देखके बिठा दे बेटा कहीं बी."

चूल बंद झाली, तवा आत गॅसवर गेला. पोरांनी दोन दिवस शहाण्यासारखं खाल्लं. मग एक म्हणाला, "मावशी, भाकरी चांगली आहे, पण धुराचा वास नाही." आणि हळूहळू पोरं कोपऱ्यावरच्या चुलीकडे वळायला लागली. तिथली बाई फुंकणी घेऊन डोळे पुसत असते. तिचा फोटो कोण काढणार?

मी कुढायला लागले, तेव्हा एका संध्याकाळी यांनी चूल पेटवली. "सरक. माझ्या नळ्या साफ आहेत, डॉक्टरनंच सांगितलंय."

जन्मभर जपलेली छाती घेऊन हा माणूस धुरात बसलेला! मी तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. "घरात एक फोटो खराब झाला तेवढा पुरे. थापायच्याच असतील तर आत गॅसवर थापा."

मला वाटलं, रुसतील. गेले की आत. परातीचा आवाज झाला. मग पुटपुटणं. पहिली भाकरी परातीतच फाटली असणार. मी उठले नाही. दुसरीही फाटली.

"पाणी उकळतं घ्या पिठाला!" मी ओट्यावरून ओरडले.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"