रुसलेल्या मामाचा हॅशटॅग

आमच्याकडची लग्नपत्रिका तुम्ही पाहिली असेल. तिच्यात नवरा-नवरी शोधावे लागतात. बाकी सगळी भावकी असते: निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आजोळ, आणि ज्यांना धड बोलता येत नाही अशा पोरांचीसुद्धा नावं. शहरातले लोक हसतात. हसू देत. इथं पत्रिकेतून नाव गळालं की घरातून माणूस गळतो.

निलंग्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या सिंधुच्या मुलीच्या लग्नात नेमकं मामाचं नाव गळालं. तिच्या नवऱ्यानं, रामलिंगनं, छापखान्याला फोनवर नावं सांगितली. मध्येच त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, ते गेल्यावर रामलिंग पुढच्या ओळीपासून सुरू झाला. ती मधली ओळ मामाची होती.

मामा म्हणजे सिंधुचा थोरला भाऊ चंद्रप्पा. देगलूरच्या बसस्टँडसमोर त्याचं चहाचं हॉटेल आहे. त्यानं पत्रिका उभ्या उभ्या वाचली, गल्ल्याखाली सारली आणि त्या दिवसापासून निलंग्यात पाय ठेवला नाही. लग्नाला नाही, नातवाच्या बारशाला नाही. फोन केला तर "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचा, आणि तेही आपल्याच आवाजात.

सिंधुला याचं सगळ्यात जास्त लागायचं ते येळवसला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, पूजा, भाज्या-डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील. जो बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. आंबिलाचं मडकं, म्हणजे बिंदगं, डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान त्यांच्या घरी चंद्रप्पाचा होता. खास देगलूरहून यायचा त्यासाठी. तो रुसल्यापासून बिंदगं रामलिंग नेतो, आणि निम्मी आंबील सदऱ्यावर सांडतो.

सिंधुची सून तनुजा हिनं सासूच्या भज्जीचा व्हिडिओ काढला आणि एका ॲपवर टाकला, तिथून पुढची गोष्ट. सिंधुनं खालच्या निळ्या अक्षरांकडं बोट केलं.

"ही कुणाची नावं गं?"

"हॅशटॅग, आत्या. खूण लावली की त्या नावाखाली सगळे गोळा होतात."

"मंग आपल्या सगळ्यांची लाव."

"हे काय लगीन हाय का?"

"नाव राहिलं की काय होतं ते तू बघितलं न्हाईस. लिही."

आणि तिनं अख्खी पत्रिका सांगितली. नणंद केवळाबाई, जावा, दीर, व्याही, पुतण्या मल्लेशची पोरं, आणि सगळ्यात वर चंद्रप्पामामा. जिथं लोक जगभर चालणारे शब्द टाकतात, तिथं हिनं भावकी टाकली. मी म्हटलं, "सिंधु, तुझ्या जावेला कोण शोधणार आहे?" ती म्हणाली, "जाऊच शोधंल की, बाई."

खरं निघालं. जावेनं स्वतःला शोधलं. प्रत्येकानं आपलं नाव आहे का हे बघायला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा पाहिला, मग माहेरी पाठवला. तनुजानं मला समजावलं, "बाई, त्या यंत्राला नाती कळत न्हाईत. कोण कुठं थांबलं, कुणी कुणाला पाठवलं, एवढंच त्याला दिसतं. लोक थांबून राहिले म्हणल्यावर त्यानं आणखी लोकांना दाखवलं." मी आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. नात्यांचे तक्ते फळ्यावर काढून काढून माझे हात पांढरे झाले. आणि हे यंत्र भज्जीच्या कढईवरून आमची सोयरीक हुडकून राहिलं होतं. उदगीर, हदगाव, पार बिदरपर्यंत. मला हसू आलं नाही.

मग ॲपनं नियम काढला: पाचच हॅशटॅग. घरात सुतक पडल्यासारखं झालं. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं? सिंधुनं दोन दिवस विचार केला आणि सगळ्यांनाच काढलं. एकच ठेवला, लांबलचक: #चंद्रप्पामामायेळवसलाया. व्हिडिओत भज्जी ढवळता ढवळता ती एवढंच बोलली, "अण्णा, बिंदगं तुझंच हाय. ये."

केवळाबाईचा लगेच फोन आला. "वैनी, मी बी रुसू का? म्हंजे माझंबी नाव लागंल."

"तुम्ही रुसलात कधी आणि रुसवा सोडलात कधी, कळलंच न्हाई आमाला," सिंधु म्हणाली.

पण केवळाबाईला जे सुचलं तेच हजारोंना सुचलं. कुणीतरी हदगावहून आपल्या सोयाबीनच्या रानात उभं राहून व्हिडिओ टाकला, खाली सिंधुचाच हॅशटॅग: "आमची नागुआत्या आठ वर्षं बोलत नाही. आत्या, तूही ये." मग माहूरहून एकानं चुलत्याला बोलावलं. मग कोण कोण. मराठवाड्यात इतकी माणसं रुसून बसली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक जण आपलं माणूस चंद्रप्पामामाच्या नावाखाली आणून बसवत होता, जसं एकाच मांडवात दहा लग्नं लागावीत.

आणि ज्याचं नाव, त्याच्याकडं साधा बटणांचा फोन. त्याला हे गिऱ्हाइकांकडून कळलं. चहा पिता पिता लोक विचारू लागले, "मामा, जाणार का न्हाई?" पोरं हॉटेलसमोर उभी राहून फोटो काढू लागली. चंद्रप्पानं रामलिंगला फोन केला. या सगळ्या वर्षांतला पहिला.

"अख्ख्या मुलखात मला रुसका केलं तुमी. आता आलो तर लोक म्हंतील मोबाइलसाठी आला. मी मेलो तरी येत न्हाई."

सिंधुचा चेहरा उतरला. येळवस तोंडावर. तनुजा म्हणाली, "व्हिडिओ काढून टाकू?" पण आता तो काढून काय होणार? ते नाव हजारो लोकांच्या हातात गेलं होतं.

"बाई, अक्षता घेऊन चलता का माझ्यासंगं?" सिंधुनं मला विचारलं. पत्रिका नुसती धाडली तर ते आमच्याकडं बोलावणं होत नाही. घरी जाऊन कपाळाला कुंकू लावून अक्षता द्याव्या लागतात. मी लगेच चप्पल घातली.

एसटीतून उतरलो तर चहाच्या टेबलांवरचे लोक चंद्रप्पाच्या आधी सिंधुला ओळखून उठले. दोघांनी फोन वर केले.

"खिशात घाला," मी म्हटलं. घातले.

चंद्रप्पा भट्टीपाशी पाठ करून उभा. सिंधु सरळ आत गेली.

"अण्णा, हजारो लोकांनी तुला बोलावलं. मी एकडाव बी आले न्हाई."

"लई लौकर कळलं."

"फोनवर फोन केले. घरी येऊन अक्षता द्यायचं सुचलं न्हाई. राग आला असंल तर इथंच बोल."

त्यानं भट्टीवरचं पातेलं उचललं. चहा गाळत राहिला. कप भरला तरी गाळतच होता. शेवटी बाकाकडं मान हलवून म्हणाला, "बा, कुंद्रु." ये, बस, असं; लहानपणी त्यांच्या घरी कानडीच चालायची. सिंधु बसली. पदराची गाठ सोडली, कुंकू काढलं. त्यानं कपाळ पुढं केलं, तेही पाहुण्यांसमोर लाजल्यासारखं.

येळवसला बिंदगं त्याच्याच डोक्यावर होतं. थेंब सांडला नाही. रामलिंग मागून चालत होता, कोरड्या सदऱ्यात.

कोपीसमोर जेवायला बसल्यावर तनुजानं भीत भीत त्याच्यापुढं फोन धरला. त्याच हॅशटॅगखाली फोटोमागून फोटो येत होते. हदगावच्या रानात ती नागुआत्या भाच्याच्या हातून आंबील पीत होती. कुठले चुलते, कुठली व्याहीमंडळी, कुठल्याशा बांधावर एकमेकांना भज्जी वाढत होती. अनोळखी शेतं, अनोळखी माणसं, आणि प्रत्येकाच्या खाली याचं नाव.

चंद्रप्पाचा घास हातातच राहिला.

"ही सगळी माझ्या नावानं जेवून राहिलीत?"

"हाव मामा."

त्यानं भज्जीचं बोट धोतराला पुसलं आणि अगदी हळू, देवाचा अंगारा उचलावा तसं, काचेवर ठेवलं.

"आणखी दाव," तो म्हणाला.