जमादारचाचांचा आराखडा

जमादारचाचा ग्रामपंचायतीच्या सभेत कधीच बसत नसत. दाराशी उभे राहत. "बसलं का मानूस कागदावरच फिरते," म्हणत. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन ते दर्यापूरजवळच्या आपल्या गावी परतले होते. मी तिथे ग्रामसेवक होतो.

ती नापिकीची वर्षं. शेतातल्या मोटरी, केबल चोरीला जायच्या. ग्राम सुरक्षा दलासाठी थोडा निधी ठरला आणि आराखड्याचं काम चाचांकडे आलं. सरपंचांना दलाचा मोठा फलक आणि सगळ्यांना जाकिटं हवी होती.

"साहेब, पयले गाव फिरू," चाचा मला म्हणाले.

ते घरोघरी बायांना एकच विचारत, "बाई, भेव कुठं लागते?" शेवंताबाई म्हणाली, "चोर आमचं काय नेईन? पोट्टी फाट्यावरून घरी येईस्तोवर जीव थाऱ्यावर नसते. तिथं टवाळ पोट्टे बसतात. आता तिची शाळाच बंद करून राहिलो." वंदना अकरावीत होती. दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या संध्याकाळी चाचा फाट्यापर्यंतचा तो अंधारा रस्ता चालून आले.

सभेत त्यांनी फाटा ते गाव या रस्त्यावर दिवे मागितले. सरपंच चिडले, "चाचा, चोराचं बोला ना!"

"केबल गेली तं नवी येते. पोरीची शाळा गेली तं कोन आनून देईन?"

"अन् माही मोटर?" देवराव उठला. त्याची मोटर नुकतीच गेली होती.

चाचांचा आवाज मऊ झाला. "तुह्या वावराकडं गस्त राहीन, बापा. गस्तीले पैसा नाही, पाय लागतात."

दिवे लागले. फलक आणि जाकिटं राहून गेली. संध्याकाळच्या बसला दलाची दोन माणसं फाट्यावर उभी राहायची असं ठरलं. पण कापूस वेचणी आली आणि कोणी फिरकेना. चाचा मात्र रोज एकटे उभे राहत. मोटारसायकलवर टवाळकी करणाऱ्या एका पोराला त्यांनी एवढंच विचारलं, "बाप कोन तुहा? चाल, त्याच्यासंग चहा पितो." आणि खरंच त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. पोरगा पुन्हा फाट्यावर दिसला नाही. त्यांचं पाहून आधी वंदनाचे वडील आले, मग देवराव. हळूहळू पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. वंदना बारावी झाली.

गुडघे थकल्यावर मुलानं चाचांना बडनेऱ्याला नेलं. माझीही बदली झाली.

चाचा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी अकोल्याहून बडनेऱ्याला गेलो. दफनाला गावातून सरपंच आणि आणखी दोघं, एवढेच आले होते. मला वाईट वाटलं. न राहवून म्हणालो, "तिघंच?"

सरपंचांनी डोळे पुसले. "निघाले तं सारेच होते, साहेब. म्याच थांबवलं. फाट्यावर पोरींच्या बसची वेळ होती."