तुपानं उंची वाढते म्हणे

आमच्या घरात उंचीवर बोलायचा अधिकार सगळ्यांना होता, फक्त माझ्या लेकीला नव्हता. सातवीत होती ती. शाळेत प्रार्थनेला रांगेत सगळ्यांत पुढं उभी राहायची, एवढाच तिचा गुन्हा. पण आल्यागेल्या पाहुण्यानं तिला दारातच नजरेनं मापायचं, "काय गं बाई, औंदा बी वाढली न्हाईस व्हय?" म्हणायचं आणि मग चहाला बसायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

यावर सासूबाईंचा उपाय एकच, तूप. भूमला त्यांचे भाऊ राहतात, तिथनं डबा यायचा. सकाळी भाकरीवर तूप, दुपारी भातावर तूप, झोपताना दुधात तूप. पोर रुंद होत गेली, उंच काही होईना. "तूप हाडात उतरायला येळ लागतो," सासूबाई सांगायच्या. हाडात कधी उतरायचं तेव्हा उतरो, गालांवर मात्र ते लगेच उतरलं होतं. आमचे हे बाजूला बसून मान डोलवायचे. आईपुढं मान डोलवणं हा यांचा एकमेव व्यायाम.

शेवटी मीच हट्टानं लेकीला सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी हाताचा एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, वाढीचं हार्मोन अंगात नीट सुटतंय का ते बघू. त्यासाठी एक औषध द्यायचं आणि मग थोड्या थोड्या वेळानं रक्त घेत राहायचं. हार्मोन कमी निघालं तर रोज एक इंजेक्शन, तेही काही वर्षं. हे ऐकल्यावर लेकीनं माझा हात धरला तो धाराशिवला घर येईपर्यंत सोडला नाही. सुई बघितली तरी पांढरी पडणारी पोर ती. "आई, रोज? दिवाळीत पण?" तपासणीच्या आदल्या रात्रीपासनं पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. ते मी घरात प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं.

तपासणीच्या दिवशी पहाटे मी आंघोळीला गेले, तेवढा वेळ आमच्या माणसांना पुरला.

दवाखान्यात लेकीच्या हातात सुई बसवली, पहिलं रक्त घेतलं. थोड्या वेळानं रक्त तपासणारी मुलगी नळी घेऊन बाईंकडं आली. रक्तावरचं पाणी पिवळसर दिसायला हवं, ते दुधासारखं पांढरं झालं होतं. बाईंनी विचारलं, "काही खाल्लंय का हिनं?"

"काहीच नाही मॅडम," हे ताठ मानेनं म्हणाले. "आमची आई उपासाला लई कडक आहे."

"आजीनं वाटीभर तूप दिलं," लेक म्हणाली. "गूळ घालून. पप्पांनी वाटी धरली होती."

यांनी मग जे स्पष्टीकरण दिलं ते ऐकून मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणे धान्याचा कणसुद्धा दिला नव्हता. आमच्याकडं एकादशीला दूध-तूप चालतं, मग दवाखान्याला का चालू नये? जणू रक्त तपासायला विठोबा बसलाय.

बाई चिडल्या नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. रक्तात चरबी वाढली की मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी हे हार्मोन सोडताना हात आखडता घेते. औषध देऊनही हवं तेवढं सोडत नाही. "तपासणी तशीच केली असती तर आकडा कमी आला असता," त्या म्हणाल्या, "आणि मी या पोरीला नसलेल्या आजाराची सुई सुरू केली असती." म्हणजे जे तूप उंचीसाठी कोंबत होते, तेच उंचीच्या हार्मोनचं तोंड दाबून बसलं होतं. हे पैसे भरायला गेल्यावर बाई असंही म्हणाल्या, की एका वाटीनं उंची काही खुंटत नाही, तपासणी तेवढी खोटी पडते. हे दुसरं वाक्य मी घरी सांगितलं नाही. तेवढं तरी मला असू द्या.

सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. "तूप काय जेवण असतंय व्हय? देवापुढं निरांजनात जळतंय ते."

"मग निरांजनातच घाला आत्या," मी म्हटलं, "पोरीत नका घालू."

दुसऱ्या खेपेला मी लेकीला घेऊन आदल्या दिवशीच सोलापुरात बहिणीकडं मुक्कामाला गेले. नुसत्या पाण्यावर, उपाशी नेऊन तपासणी केली. रिपोर्टच्या दिवशी हेही आले. हार्मोन व्यवस्थित सुटत होतं. पोरीला काही झालेलं नव्हतं. बाईंनी यांच्याकडं नखशिखान्त एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "घरातल्यांच्या मानानं हिची उंची ठीकच आहे." खाण तशी माती. यांचे पाय स्कूटरवरून जमिनीला टेकताना टाचा वर राहतात आणि सासूबाई फळीवरचा डबा काढायला स्टूल घेतात, हे आमच्या घरात आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे सुई नाही?" लेक खुर्चीवरनं उठलीच.

हे मात्र जागचे हलले नाहीत. "मॅडम, आजार नसला तरी देता नाही का येणार? पुढं लग्नाचं बघावं लागतं." बाईंनी नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतीच्या बसमध्ये यांचं तोंड असं, की बघणाऱ्याला वाटावं मयताला जाऊन आलेत. लेक त्यांच्याकडं वळली.

"पप्पा, मी आजारी निघाले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?"

"तसं न्हाय गं," हे म्हणाले.

मग कसं, ते तुळजापूर आलं तरी त्यांना सांगता आलं नाही.